पोर्तुगीज पासपोर्टसाठी बाबांची नोंद करावी का?

डिचोलीकर: वय ३४, हॉटेलात फ्रंट ऑफिसला आहे. बायको, पाच वर्षांची मुलगी. बाबांचा जन्म १९५७ चा, डिचोलीचाच. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा पोर्तुगिजांकडून मुक्त झाला, त्याच्या आधीचा असल्याने त्यांना आणि त्यांच्यामागून मला पोर्तुगालचं नागरिकत्व मिळतं. आधी बाबांची जन्मनोंद लिस्बनला चढवायची, मग माझी. एक अडचण आहे. जुन्या दाखल्यात आजोबा 'क्रिस्ना', बाकी सगळीकडे कृष्णा. एजंट म्हणतो, करून देतो. मुलीसाठी जावंसं वाटतं. काय करू?

काणकोणची: विचारताय काय, जा! माझा भाऊ २०१३ ला इंग्लंडात स्विंडनला गेला. गोदामात कामाला लागला, आता स्वतःचं घर आहे. इथे हॉटेलात अजून दहा वर्षं काढून काय होणार?

तिरकस: ताई, तुमचा भाऊ गेला तेव्हा पोर्तुगीज पासपोर्टवर ब्रिटनमध्ये थेट काम करता यायचं. ३१ डिसेंबर २०२० ला ते संपलं. आता उरलं युरोपियन युनियन. पोर्तुगालमध्येच राहायचं तर तिथलं किमान वेतन २०२५ मध्ये महिना ८७० युरो, वर्षाला चौदा पगार. रुपयांत गुणून बघू नका, लिस्बनमधल्या खोलीच्या भाड्यात मोजा. शिवाय भाषा.

काणकोणची: लिस्बनलाच राहा असं कोणी सांगितलं? आयर्लंडमध्ये इंग्रजी चालतं, आणि ते युनियनमध्येच आहे. हॉटेलवाल्याला तिथे काम मिळेल. नकारघंटा वाजवायला सोपी असते.

तिरकस: आयर्लंडचा मुद्दा मान्य. घरभाडं तिथलंही विचारून जा, एवढंच.

आडवळणी: सगळे पगारावर बोलताहेत. बाबांचं काय? त्यांना कुठेच जायचं नाहीये ना? आपल्याकडे दुहेरी नागरिकत्व नाही. १९५५ च्या नागरिकत्व कायद्याचं कलम ९ सांगतं की, स्वेच्छेने दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की भारताचं गेलं. नुसत्या नोंदणीने ते जातं का, यावर वर्षानुवर्षं वाद झालेत; आमदारांच्या निवडीही त्यापायी कोर्टात गेल्या. तुमच्या वाटेतली पहिली पायरी म्हणजे बाबा. मतदान, पासपोर्ट, सगळं पणाला त्यांचं लागतं. ओसीआय (परदेशी नागरिक झालेल्या मूळ भारतीयांना मिळणारं कार्ड) मिळालं तरी मत देता येत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही (वारशाची राहते).

डिचोलीकर: एजंट म्हणाला, म्हाताऱ्या माणसाला कोण विचारतो.

आडवळणी: हेच ऐकून लोक अडकले. लिस्बनची नोंद लपवून भारतीय पासपोर्ट वापरत राहिले, तो पुढे रद्द झाला, आणि सरेंडर सर्टिफिकेटशिवाय (भारतीय पासपोर्ट परत दिल्याचा दाखला) ओसीआय मिळेना. एप्रिल २०२४ मध्ये केंद्राने पासपोर्ट रद्द केल्याचा आदेश त्याऐवजी चालेल असं केलं, तेव्हा कुठे वाट निघाली. त्यांना अडकवणारा एजंट त्या वेळी फोन उचलत होता का, हे विचारा कोणाला तरी.

काणकोणची: एवढं घाबरवू नका हो. आमच्या आईने नोंद केली, भारतीय पासपोर्ट रीतसर परत दिला, ओसीआय घेतलं. घरातच आहे, काजूच्या बागेत फिरते. मत नाही देत, बस्स. मुलांसाठी आईबाप याहून मोठं सोडतात.

आडवळणी: तुमच्या आईने समजून-उमजून सोडलं. इथे बाबांना अजून विचारलेलंही दिसत नाही.

डिचोलीकर: आज विचारलं. बाबा म्हणाले, मी किती दिवसांचा, तू कर. आई म्हणाली, मुळीच नाही, पंचायतीच्या मतदानाला सकाळी सातला रांगेत उभा राहणारा माणूस आहे हा. मग दोघांचं माझ्यासमोरच वाजलं. कागद पुन्हा ट्रंकेत.

तिरकस: ट्रंकेत टाकण्याआधी तो 'क्रिस्ना' दुरुस्त करून घ्या. तुम्ही गेलात काय, राहिलात काय, जमिनीच्या एक-चौदाच्या उताऱ्यावर (गोव्यातला सातबाराच तो) वारसांची नावं चढवताना तो नडणारच आहे.