मदत हवी आहे: इंग्रजी शब्दांच्या गोष्टी, खऱ्या कुठल्या आणि पुड्या कुठल्या?

मंडळी, जरा मदत हवीये. सोसायटीतल्या आठवी-नववीच्या पोरांशी रविवारी इंग्रजी शब्द कुठून आले यावर गप्पा मारायच्यात, मसाला भरपूर मिळालाय पण व्हॉट्सअ‍ॅपवरच्या पुड्या त्यात इतक्या मिसळल्यात की विचारू नका. काही पक्के आहेत. म्हणजे 'नाइस' मूळ लॅटिन 'नेस्कियस', अर्थ चक्क अडाणी! आधी कुणाला नाइस म्हणणं म्हणजे मूर्ख म्हणणं, मग लाजाळू, मग चोखंदळ असं करत करत १८व्या शतकात तो 'छान' झाला. 'सिली'चं उलटं, आधी धन्य, पुण्यवान, मग भोळा बिचारा आणि आता येडपट. 'मसल' म्हणजे लॅटिनमध्ये छोटा उंदीर, आपण दंडाची बेडकुळी काढतो तिथे त्यांना उंदीर दिसला (पोरं यावर दंड फुगवत बसणार हे नक्की). आणि 'मंगूज' तर आपलंच मुंगूस, बहुधा पोर्तुगीजांमार्फत गेलेलं!

घोळ पुढे आहे. 'न्यूज' म्हणजे नॉर्थ, ईस्ट, वेस्ट, साउथ या चार दिशांची पहिली अक्षरं ही थाप, ते 'न्यू'चंच अनेकवचन. 'सॅलरी'त मीठ आहे हे खरं, पण रोमन सैनिकांना पगारात मीठच मोजून द्यायचे याला धड पुरावा नाही. अशा अजून कुठल्या गाजलेल्या थापा आहेत? आणि ऑक्सफर्डची मोठी डिक्शनरी, जिच्यात शब्दाचा जुन्यात जुना वापर सालासकट देतात, ती पुण्यात कुठल्या लायब्ररीत बसून बघता येईल? मराठीत या विषयावर पोरांना झेपेल असं काही असेल तर तेही सुचवा प्लीज.