ज्योत हायवेवरून न्यावी की गावातून?

पडवीतली बाई (मूळ धागा)

मी प्राथमिक शाळेत शिकवते. आमचं गाव महाड आणि खेडच्या मधे, हायवेपासून आत दीड किलोमीटरवर. गेल्या १९ फेब्रुवारीला रायगडावरून ज्योत घेऊन येणारी मंडळी आठ वाजता फाट्यावरून जाणार, असा निरोप आला. सुट्टीचा दिवस, तरी पहिली ते पाचवीची सगळी पोरं आली. कुणी फेटा बांधून, कुणी आईच्या ओढणीचा शेला करून. आम्ही फाट्यावर जाऊन उभे राहिलो. ज्योत आली साडेदहाला. पुढे मोटरसायकली, मागे टेम्पो, मधे धावणारे दादा. मिनिटभरात सगळं गेलंसुद्धा. तेवढ्यात एक कंटेनर इतक्या जवळून गेला की दुसरीतल्या मुलीच्या हातातलं निरंजन विझलं.

मला ज्योत हवी आहे, हे आधीच सांगते. पण रस्ता चौपदरी झाल्यापासून आपण तिला भेटायला हायवेच्या कडेला जातो, ती आपल्याकडे येत नाही. पूर्वी जुन्या रस्त्याने यायची. देवळासमोर थांबायची, सुवासिनी ओवाळायच्या, धावणाऱ्यांना सरबत मिळायचं. मंडळांनी पुन्हा आतल्या रस्त्याने ज्योत न्यावी, असं माझं म्हणणं आहे. तुम्हाला काय वाटतं?

पाचाड ते घर

ताई, मी अकरा वर्षं धावतोय, म्हणून सांगतो. आम्ही गडावर ज्योत पेटवतो, पाचाडला जिजाऊंच्या समाधीला डोकं टेकवतो आणि रात्रीच निघतो. एकेक जण तीन-चारशे मीटर पळतो, की मशाल पुढच्याच्या हातात. टेम्पोत तेल, चिंध्या, पाणी आणि कंदिलात राखून ठेवलेली तीच ज्योत, वाऱ्याने मशाल विझलीच तर. गाव गाठायचं ते दिवस मावळायच्या आत, कारण तिथेही सकाळपासून माणसं वाट बघत असतात.

उशीर का होतो ते सांगू? प्रत्येक नाक्यावर कुणीतरी नारळ आणि हार घेऊन उभं असतं. एखादी आजी पाय धुवायला तांब्या घेऊन पुढे येते. तिला नाही म्हणून पुढे पळायचं कसं? आता प्रत्येक फाट्याला दीड-दोन किलोमीटर आत आणि तेवढंच बाहेर, असं धरलं तर आम्ही दुसऱ्या दिवशी पोचू. माणसं तीस, त्यातले निम्मे मुंबईहून रात्रीच्या गाडीने आलेले. तुमची मुलं अडीच तास उभी राहिली याचं वाईट वाटलं. पण हायवे सोडा म्हणणं सोपं आहे, पळणं नाही.

खाडीपलीकडे

मी स्पष्ट विरोधात लिहितोय. मुलांना रस्त्यावर आणणंच बंद करा. आत असो की बाहेर, मोठ्यांच्या कार्यक्रमाला गर्दी म्हणून शाळा उभी करायची सवय वाईट आहे. त्या अडीच तासांत ताईंनी मुलांना शिवरायांनी १६६४ साली सिंधुदुर्ग का बांधायला घेतला, समुद्रावर किल्ल्याची गरज का पडली, हे सांगितलं असतं तर जन्मभर लक्षात राहिलं असतं.

आणि ही टप्प्याटप्प्याची मशाल काही आपली जुनी चाल नाही. ऑलिंपिकची ज्योत हातोहात नेण्याची प्रथा १९३६ साली बर्लिनच्या खेळांपासूनची. ऑलिंपियापासून तीन हजारांहून जास्त धावपटूंनी ती नेली आणि हिटलरच्या सरकारने तिचा स्वतःच्या प्रचारासाठी वापर केला. रस्त्याच्या कडेची गर्दी प्रचाराला फार उपयोगी पडते. म्हणून गर्दी जमवण्याचीच मला भीती वाटते.

पडवीतली बाई

दादा, शाळेला कुणी जमवलं नव्हतं. पोरं आपणहून आली होती, पालकही सोबत होते. आणि सिंधुदुर्ग मी शिकवतेच. ज्या मुलाने ज्योत पाहिली तो दुसऱ्या दिवशी विचारतो, "बाई, रायगड किती लांब?" फळ्यावर नकाशा काढायची मला तेव्हा संधी मिळते.

आगरातला

बर्लिनचं उदाहरण इथे लागू होत नाही. लोकमान्यांनी १८९६ साली रायगडावर शिवोत्सव केला तेव्हा बर्लिनची मशाल कुणाच्या स्वप्नातही नव्हती. गडावरची पावन वस्तू गावात आणायची ओढ आपली स्वतःची आहे. धावायची रीत कुठूनही आलेली असो.

उलट गर्दीच नको म्हटलं की काय होतं ते दिल्लीने २००८ च्या एप्रिलमध्ये पाहिलं. निदर्शनांच्या भीतीने ऑलिंपिकची ज्योत राजपथावर अडीच किलोमीटरपेक्षाही कमी धावली. हजारो पोलीस होते आणि सामान्य माणसाला जवळपास फिरकू दिलं नाही. तेव्हा टीव्हीवर पाहताना मला फार ओकंबोकं वाटलं होतं.

कणकवलीच्या पुलाखालसून

माका एक सांगा, म्हाताऱ्या माणसांनी हायवेवर जावचा कसा? माझी आये पंच्याऐंशी वर्षांची. ज्योत दारासमोरसून जाय तेव्हा ती पायरेर बसान हात जोडी. आता वर पूल झालो. पोरा पुलावरसून धावली तर खाली माणसांका नुसते आवाज. दोन वर्षांमागे एका मंडळान सर्व्हिस रोडान ज्योत नेली, तेव्हा आयेन मशालीक हात दाखवन कपाळाक लावलो. दहा मिनटा जास्त गेली असतीत. ह्या बाईंचा म्हणणा माका पटता.

शिमग्याचा मानकरी

तारखेची आणि तिथीची अशा दोन ज्योती असतात हेही लक्षात घ्या. तिथी म्हणजे फाल्गुन वद्य तृतीया, होळीनंतरचा तिसरा दिवस. तेव्हा आमच्याकडे ग्रामदेवतेची पालखी घरोघर फिरत असते आणि चाकरमानी गावातच असतात. पालखी हायवेने पुढे निघून जात नाही, प्रत्येक उंबऱ्यावर थांबते. म्हणून तर ती यायच्या आधी अंगण सारवतात. तिथीच्या ज्योतीला धावणारे गावातच मिळतील आणि पाचाडवाल्या दादांची माणसांची अडचण थोडी सुटेल. मात्र मार्चचं ऊन आणि परीक्षा बघूनच मुलांना बोलवावं.

खाडीपलीकडे

पुलाखालचा प्रतिसाद वाचून थांबलो. पायरीवर बसून हात जोडणाऱ्या आजींना मी गर्दी म्हणणार नाही. मुलांबद्दलचं मत मात्र तेच आहे. हायवेच्या कडेला एकही मूल नको.

पाचाड ते घर

काल मंडळात हा धागा वाचून दाखवला. बरीच वादावादी झाली. सगळ्या गावांत वळणं होणार नाही, हे आजही म्हणतो. पण कशेडीला बोगद्यातून न जाता जुन्या घाटाने जायचं ठरलं. बोगदा झाल्यापासून तिकडची वर्दळ कमी झाली आहे आणि बोगद्यात मशालीचा धूरही कोंडतो. शिवाय तीन गावांत आत यायचं, त्यात ताईंचं एक. निघताना, महाड सोडताना आणि फाट्याच्या अलीकडे, असे तीन फोन करू. तोवर मुलांना बाहेर काढू नका.

पडवीतली बाई

नाही काढणार. शाळेच्या पडवीतच बसवते. देवळासमोरचा रस्ता कच्चा आहे, अनवाणी पळणारे असतील त्यांना आधीच सांगा. खडी आम्ही आदल्या दिवशी झाडून घेऊ. आणि तीस जणांचं कोकम सरबत की पन्नास, तेवढं कळवा.