छत वीतभर उचललं आणि थांबलं. पंप गेला का?

ओहायोकर:
नमस्कार मंडळी. मी कोलंबसला राहतो. मागच्या वर्षी एक जुना, १९९८ चा ट्रेलर घेतला, म्हणजे गाडीमागे ओढायची, आत मुक्काम करायची चाकांवरची खोली. पोळीच्या डब्यावर झाकण बसतं तसा त्याचा वरचा अर्धा भाग खालच्या अर्ध्यावर बसतो. रस्त्यावर ठेंगणा असतो, म्हणून वारा कमी लागतो. मुक्कामाला पोचलं की बटण दाबायचं, १२ व्होल्टचा हायड्रॉलिक (तेलाच्या दाबावर चालणारा) पंप घुरघुरतो, एक सिलिंडर तारेचे दोर ओढतो आणि चारही कोपरे एकदम वर येतात. बनवणारी कंपनी कधीच बंद पडली.

मेमोरियल डेच्या सुट्टीत हॉकिंग हिल्सला गेलो. आई सोलापूरहून आलेली, तिला गुहा दाखवायच्या होत्या. बटण दाबलं, छत वीतभर वर आलं आणि थांबलं. पुन्हा दाबलं तर नुसतं कट्ट, कट्ट. पोळ्या, शेंगाचटणी, आईच्या बीपीच्या गोळ्या, सगळं आत. आमच्या धाकट्याला फटीतून आत सरकवू का, असा विचार क्षणभर मनात आला होता, बायकोने नजरेनेच हाणून पाडला. शेवटी बाहेरून काठीने पिशवी ओढून काढली. गाडीचं इंजिन चालू ठेवून ट्रेलरची वायर जोडली, अर्धा तास थांबलो, तरी काही नाही. मग छत उतरवायचा व्हॉल्व्ह हाताने सैल केला, छत खाली बसलं आणि रात्री अकराला घरी.

इथल्या एका दुकानात दाखवलं. त्याने बटणही दाबून पाहिलं नाही. म्हणे पार्ट मिळत नाहीत, भंगारात काढा, नाहीतर ९०० डॉलरचा दुसरा पंप बसवून बघू. "बसवून बघू" माझ्या पैशाने! बॅटरी दोन वर्षांची आहे, मीटरवर १२.६ व्होल्ट दाखवते. काय करू?

ट्रॉलीवाला_सांगली:
आमच्याकडं तुमच्यासारखा ट्रेलर नाही, पण ट्रॅक्टरच्या उचलत्या ट्रॉल्यांची कामं वीस वर्षं करतोय. तेल, पंप, सिलिंडर, सगळीकडं तत्त्व एकच. पंपाला हात लावू नका अजून.

१२.६ हा आकडा विसरा. बसलेल्या माणसाची नाडी बघून तो पोतं उचलेल का हे कळत नाही. अशी मोटर छत उचलताना शंभर अँपियरच्या वर ओढते. घरच्यांपैकी कुणाला तरी बटण दाबायला लावा आणि दाबलेलं असतानाच बॅटरीच्या खुंट्यांवर मीटर धरा. दहाच्या खाली गेला तर बॅटरीच मेलीय. साडेअकराच्या आसपास राहिला तर बॅटरी चांगली आहे, करंट वाटेत कुठंतरी मरतोय. मग मीटरची एक काडी बॅटरीच्या मायनसवर आणि दुसरी मोटरच्या बॉडीवर धरून परत बटण दाबा. तिथं अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थ, म्हणजे मायनसची जोडणी खराब. प्लसच्या बाजूला पण तसंच मोजा, मधल्या रिलेसकट, म्हणजे बटण दाबल्यावर मोटरला करंट जोडणाऱ्या स्विचसकट. कट्ट वाजतंय म्हणजे रिले ओढतोय, पण त्याचे आतले पॉइंट जळलेले असू शकतात.

आणि गाडीच्या प्लगमधून ट्रेलरला येणारी चार्जिंगची वायर बारीक असते राव. तिच्यातून शंभर अँपियर जाणार कसे? अर्ध्या तासात बॅटरी थोडी चार्ज झाली असेल, बास.

डेट्रॉइटची_माई:
आमच्याकडे याच जातीचा ट्रेलर अकरा वर्षं होता. दोन गोष्टी अनुभवाने सांगते.

एक, तेल बघायचं ते छत पूर्ण खाली असताना. छत वर असताना तेल सिलिंडरमध्ये गेलेलं असतं, टाकी रिकामी दिसते आणि आपण शहाणपणा करून भरतो. मी भरलं होतं. छत उतरवल्यावर तेच लाल तेल टाकीतून उसळून सोफ्याखालच्या गालिच्यावर आलं. डाग ट्रेलर विकेपर्यंत होता, आणि ह्यांची बोलणीही तोपर्यंत.

दुसरी जास्त महत्त्वाची. छत अर्धवट असताना कुणालाही आत सोडू नका, त्या धाकट्याला तर मुळीच नाही! दुरुस्ती करताना चारही कोपऱ्यांत मापाचे लाकडी खांब लावा, मगच डोकं आत घाला. तारेच्या दोरांवर जुना सुती कपडा फिरवा, हाताने चाचपू नका. तुटलेला तंतू असेल तर कपडा अडकतो. आमचा मागचा डावा दोर तसाच झिजला होता, एक कोपरा चार बोटं खाली राहायचा आणि आम्ही महिनाभर पंपाला शिव्या देत होतो.

ओहायोकर:
काका, माई, मोजलं. बटण दाबल्यावर बॅटरीवर ११.६. मोटरवर मात्र ७.८! प्लसच्या बाजूला ०.४ पडतात, अर्थच्या बाजूला ३.४.

ट्रेलरखाली उताणा झोपलो. अर्थची जाड केबल चासीला (खालच्या लोखंडी सांगाड्याला) जिथे बोल्टने जोडली आहे तिथे बोल्ट कुठे संपतो आणि गंज कुठे सुरू होतो ते कळेना. इथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, त्याचा प्रसाद. पाना लावला तर बोल्टचं डोकंच हातात आलं. नवा बोल्ट, तारेच्या ब्रशने घासून चकचकीत पत्रा, वरून ग्रीस. खर्च सहा डॉलर. छत एका दमात वर गेलं, आईने टाळ्या वाजवल्या.

पण आता नवीनच. रात्री वर ठेवलं होतं, सकाळी चारही कोपरे सारखेच दोन बोटं खाली. हे आधीपासून होतं का माहीत नाही, आम्ही कधी मोजलंच नव्हतं.

ट्रॉलीवाला_सांगली:
चारही सारखे उतरले म्हणजे दोर नाही, तेल कुठूनतरी मागं सरकतंय. सिलिंडरचा दांडा बाहेर येतो तिथं ओलं आहे का बघा. ओलं असेल तर तिथलं तेल अडवणारं सील गेलंय. कोरडं असेल तर बहुतेक उतरवायच्या व्हॉल्व्हच्या बैठकीत कचरा अडकलाय. छत चार-पाच वेळा पूर्ण वर-खाली करा, कधीकधी तेवढ्यानं धुऊन जातो. नाहीच गेला तर छत खाली बसवून व्हॉल्व्ह काढून साफ करा आणि तेल बदला. टाकीवर जे लिहिलंय तेच तेल, दुकानदार देईल ते नाही. गळती शोधताना पाइपवरून बोट फिरवू नका, पुठ्ठा धरा. दाबातलं तेल कातडीत शिरलं तर सरळ दवाखाना.

ओहायोकर:
दांडा कोरडा आहे. पाच वेळा वर-खाली केलं, आज सकाळी अर्धं बोट. शनिवारी तेल बदलतोय, जुनं काळं पडलंय. माई, खांब कापले. आई त्यांतल्या एकावर मिरच्या वाळत घालायला दोरी बांधू म्हणते आहे.