मदत हवी आहे: झांझिबारच्या स्टोन टाउनमध्ये शाकाहारी आईला काय खाऊ घालू?

नमस्कार मंडळी,

फेब्रुवारी 2027च्या शेवटच्या आठवड्यात मी, नवरा आणि माझी आई झांझिबारला निघालोय. मुक्काम स्टोन टाउनमध्येच. नवरा मालवणी, त्यामुळे त्याची काळजी नाही. ऑक्टोपसच्या नावानेच तो खूश आहे. प्रश्न आईचा. मांस-मासे नाही, अंडंही नाही. पण परदेशात जाऊन पनीर बटर मसालाच खायचा तर कल्याण काय वाईट होतं, हे तिचंच म्हणणं. तेव्हा भारतीय हॉटेलांची यादी कृपया नको.

उरोजोबद्दल वाचलं: हळदीचा आंबट रस्सा, त्यात भजी, बटाटा, वरून कसावा नावाच्या कंदाच्या तळलेल्या कापांचा चुरा आणि खोबऱ्याची चटणी. म्हणजे मिसळीची लांबची बहीणच! पण फोटोत मांसाचे तुकडेही दिसतात. ते वगळून देतात का? फोरोधानी बागेतल्या रात्रीच्या बाजारात तिच्यासाठी काही असतं, की सगळा मासळीचाच कारभार? आणि नाश्त्याचं काय?

प्रतिसाद १
दार-एस-सलामला नोकरीला होतो, बोटीने झांझिबारला बरंच जाणं व्हायचं. उरोजोचा रस्सा बहुधा पीठ, हळद, कैरी किंवा लिंबू यांचाच असतो. मांस (मिश्काकी) आणि उकडलेलं अंडं वरून घालतात. वाडगं भरायच्या आधीच सांगा: "बिला न्यामा, बिला समाकी, बिला याई". मांस, मासे, अंडं, तिन्ही कटाप. तिथली कचोरी म्हणजे जवळपास आपला बटाटेवडा, ती बिनधास्त घ्या. शेजारचं कटलेस मात्र सोडा, त्यात खिमा असतो. समोशातही तेच. तिखटाची बाटली वेगळी ठेवतात.

नाश्त्याला मंदाझी आणि म्बाझी! म्बाझी म्हणजे नारळाच्या दुधात शिजवलेल्या तुरी, मंदाझी म्हणजे वेलचीची गोडसर तळलेली पोळी. जेवायला माहारागे या नाझी, म्हणजे नारळातला राजमा, आणि भात. फोरोधानीत ऊस, आलं, लिंबाचा रस काढून देतात, तो चुकवू नका. झांझिबार पिझ्झात (सारण भरून तव्यावर भाजलेली घडीची पोळी) अंडं फोडतातच. केळं-चॉकलेटचा बिनअंड्याचा मागता येतो, पण तवा तोच. भाव आधी ठरवा.

प्रतिसाद २
तारखा बघितल्यात का? 2027चा रमजान 8 फेब्रुवारीच्या सुमारास सुरू होतोय. तुम्ही पोचाल तेव्हा ऐन रोज्यांचे दिवस. दिवसा बऱ्याचशा साध्या खाणावळी बंद, आणि रस्त्यात उघड्यावर खाणं-पिणं अजिबात नको, पाण्याचा घोटसुद्धा. हॉटेलात न्याहारी मिळते, पण गल्लीतली मंदाझी सकाळी मिळेल असं धरून चालू नका. उलट संध्याकाळी मजा. रोजा सुटला की फुतारी (नारळातला कसावा, रताळी, केळी, मासे आहेत का विचारा), पाकातली कैमाती, तांदूळ-नारळाचा पाव 'म्काटे-वा-कुमिमिना', सगळं बाहेर येतं.

मूळ प्रश्नकर्ती
रमजानचं डोक्यातच नव्हतं! तिकिटं अजून काढायची आहेत, पण नवऱ्याची रजा हलेना. दुपारचं पेरू-केळी खोलीत खाऊन भागवू. प्रतिसाद १ यांना एक विचारायचं राहिलं: कचोरी आणि मासे एकाच कढईत तळतात का? आई तेलाबाबत फार कडक आहे.

प्रतिसाद १
पुष्कळदा हो. सकाळ-दुपार फक्त भजी-कचोरी तळणाऱ्या बायका असतात, पण रमजानात त्याही संध्याकाळीच बसतील. कढईत डोकावून बघा, मासे दिसले तर पुढची गाडी गाठा.