व्हिएतनाम 7 दिवसांत, काय गाळू?

राजवाडेकर: इंदूरहून आम्ही चौघं, आई 67 ची, डिसेंबरात निघतोय, हनोई, हा लाँगचा उपसागर, होई आन, सायगाव (हो ची मिन्ह सिटी) सगळं बसवायचं म्हणतेय पण आईला शहरापेक्षा खेडं बघायचंय, कसं जमवू?

पलासियावाली: ताई, सायगाव गाळाच, हनोईहून रेल्वेने तीस तासांच्या वर लागतात. त्यापेक्षा निन्ह बिन्ह, भातशेतांचा खेड्यांचा भाग, हनोईपासून साधारण 100 किमी, तिथे दोन रात्री राहा. तिथल्या ताम कोकला नाववाल्या मागे रेलून चक्क पायांनी वल्ही मारतात, तीन गुहांमधून नाव जाते, छत इतकं खाली येतं की मान वाकवावी लागते, माझ्या सासूबाई तर हात वर करून दगड चाचपत होत्या! फक्त भात तिथे मे-जूनमध्ये पिवळा होतो, डिसेंबरात शेतं रिकामी दिसतील, आईंना आधीच सांगून ठेवा.

सराफ्याजवळचा: शाकाहारी असाल तर ‘आन चाय’ (म्हणजे शाकाहारी खाणं) हे दोन शब्द पाठ करा, नाहीतर भाजीतसुद्धा माशांचा सॉस येतो. होई आनला डिसेंबरात पाऊस असतो, मी तेही सोडलं असतं. हनोईत स्वेटर लागेल हं.

राजवाडेकर: सायगाव कॅन्सल. होई आनचं आज रात्री आईला विचारते.