१९१४ चं युद्ध कुणी पेटवलं, माणसांनी की वेळापत्रकांनी?

रानवारा: सारायेव्होत २८ जून १९१४ ला ऑस्ट्रियाच्या युवराजाचा खून झाला आणि पहिलं महायुद्ध पेटलं, एवढंच आपण शाळेत पाठ केलं. मला ते पटत नाही. खून आणि युद्धघोषणा यांच्यात अख्खा महिना गेलाय. ५ जुलैला कैसरनं, म्हणजे जर्मनीच्या सम्राटानं, ऑस्ट्रियाला पाठिंब्याचा शब्द दिला. २३ ला ऑस्ट्रियानं खुनामागे सर्बियाचा हात आहे म्हणत सर्बियाला ४८ तासांची मुदत देऊन मागण्या धाडल्या. सर्बियानं जवळपास सगळ्या मान्य केल्या, तरी २८ ला युद्ध पुकारलंच. व्हिएन्नाला, म्हणजे ऑस्ट्रियाच्या सरकारला, उत्तर नकोच होतं.

शुभदा: व्हिएन्नाबद्दल मान्य. पण ते भांडण बाल्कनपुरतं राहिलं असतं. युरोपभर पसरलं ते सैन्याच्या जमवाजमवीमुळे. ३० जुलैला सर्बियाच्या पाठीशी असलेल्या रशियानं सगळी फौज बोलावली. जर्मनीचा आराखडा असा, की आधी बेल्जियममधून घुसून सहा आठवड्यांत रशियाचा मित्र फ्रान्सला लोळवायचं, मग रशियाकडे वळायचं. आगगाड्या मिनिटामिनिटानं ठरलेल्या. १ ऑगस्टला कैसर म्हणाला, सैन्य पूर्वेला वळवा. सेनापती मोल्टके म्हणाला, आता शक्य नाही. सम्राटाचंच चालेना, तिथे दोष कुणाला द्यायचा?

रानवारा: आराखडा करणाऱ्यांना, शुभदाताई. दुसरी वाटच न ठेवणं हासुद्धा निर्णयच. आणि रशियाचा सम्राट झार, त्याचं बघा. २९ च्या रात्री कैसरची तार वाचून त्यानं सर्व फौजेचा हुकूम मागे घेतला होता. थांबवता येत होतं! दुसऱ्या दिवशी परराष्ट्रमंत्री साझोनोव्हनं मनधरणी करून तोच हुकूम पुन्हा काढायला लावला.

माणदेशी: तुम्ही दोघं युरोपातच अडकलात. ४ ऑगस्टला ब्रिटन उतरलं आणि हिंदुस्थान आपोआप ओढला गेला. इथल्या कुणालाही न विचारता. मराठा पलटणी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये गेल्या, तिथल्या कुट गावच्या वेढ्यात उपाशी राहिल्या, एप्रिल १९१६ मध्ये कैदेत पडल्या. त्या पोरांचं सर्बियाशी काय वैर होतं? युद्ध जगभर पसरलं ते साम्राज्यांमुळे, हे कारण आधी मांडा.

शुभदा: माणदेशी, हे मी सोडूनच दिलं होतं, चुकलं माझं. पण रानवारा, झारनं पुन्हा सही का केली? रशियाची जमवाजमव जर्मनीपेक्षा संथ. एक दिवस उशीर म्हणजे आपण गेलो, ही भीती. साझोनोव्ह त्या भीतीच्याच जोरावर बोलत होता.

रानवारा: भीती खरी होती, ताई. पण आदल्या रात्रीही ती होतीच, आणि तरी त्यानं हुकूम मागे घेतला होता.