सल्ला हवा: माळावरच्या केशर आंब्याच्या कलमांना उन्हाळ्यासाठी बुडाशी आच्छादन कशाचं करू?

माळावरचा: तुळजापूर तालुक्यात मुरमाड माळावर जुलैत केशरची 60 कलमं लावली, 5 बाय 5 मीटरवर. ठिबक आहे, पण विहीर मार्चअखेर तळ गाठते. मी पुण्यात असतो, शनिवार-रविवार शेतावर, एरवी गडी बघतो. आत्ता जानेवारीतच दुपारी पालवी मलूल दिसतेय. आच्छादन, सावली आणि शेळ्यांपासून राखण, सगळं 4000 रुपयांत बसवायचंय. कुणी काय केलंय?

दाजी_डाळिंबवाले: डोळे झाकून मल्चिंग पेपर, म्हणजे बुडाशी अंथरायचं प्लास्टिक. माझ्या डाळिंबाला 100 मायक्रॉन जाडीचा चंदेरी-काळा आहे. तण नाही, पाणी निम्म्यावर आलं. पैसे बघू नका, बाग काय दरवर्षी लावतो का माणूस?

ऊसपट्टा: पाचट घाला, उसाचा वाळका पाला. लोक फडातच पेटवून देतात, मागितलं तर फुकट मिळतं. आधी तण काढून पाणी द्या, मग चार इंचांचा थर. खोडाला चिकटू देऊ नका, वीतभर जागा मोकळी सोडा, नाहीतर पावसाळ्यात साल कुजते. वर मूठभर युरिया टाका. पाचट कुजताना नत्र ओढून घेतं आणि पानं पिवळी पडतात.

बालाघाटी: आमच्याकडे पाचटाला महिन्यात वाळवी लागली. थर उचलला तर खोडावर मातीचे पापुद्रे, नखाने खरवडलं तर आत साल शिल्लकच नाही. सात कलमं गेली.

दाजी_डाळिंबवाले: म्हणूनच म्हणतो, पेपर घाला.

ऊसपट्टा: ओल ठेवली की वाळवीचा त्रास कमी. माझ्याकडे कधीच आली नाही.

बालाघाटी: तुमच्याकडे पाटाचं पाणी आहे हो! इथे माळावर ओल कुठून आणायची?

हापूसवाडी: आमच्या रत्नागिरीत वाळवीपेक्षा वणव्याची धास्ती. सुकं गवत घालणारे आधी बागेभोवतीचा पट्टा साफ करून घेतात. आम्ही गिरिपुष्पाच्या झाडाचा हिरवा पाला घालतो, नत्रही मिळतं.

माळावरचा: गिरिपुष्प आसपास कुठेच नाही. बांधावर लावायला हवं, पण या उन्हाळ्याला उपयोग नाही. सोयाबीनचं भुसकट घरचंच आहे.

बालाघाटी: भुसकट वाऱ्याने उडतं. राहिलं तर जनावरं खातात.

सातबारा: सरकारच्या भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजनेतून लावलीत का? अनुदान 50, 30, 20 टक्के असं तीन वर्षांत मिळतं. पुढच्या हप्त्यांसाठी ठरावीक टक्के झाडं जिवंत लागतात.



 

 

सुमनताई: सावलीचं कुणीच बोलेना. आच्छादनाने मुळं जगतात, पण शेंडा करपतो तो दुपारच्या उन्हाने. तुराट्या, तुरीच्या वाळक्या काड्या, असतील ना घरी? दक्षिणेला आणि पश्चिमेला तुराट्यांचा उभा झोपा, म्हणजे ताटी, बांधा, उगवतीचं ऊन येऊ द्या. भोवती बोराटीचे काटे रचले की शेळी तोंड घालत नाही. आणि भाऊ, कलमाच्या जोडावरची प्लास्टिकची पट्टी काढलीत का? खोड जाड झालं की ती आवळते आणि वाऱ्यात कलम तिथेच मोडतं. जोडाखाली आलेली फूटही खुडा. पहिली तीन वर्षं मोहर आला तर तोही ठेवू नका, कितीही जीव तुटला तरी.

माळावरचा: ताई, शनिवारी एकेक कलम बघितलं. निम्म्यांवर पट्टी होती. ब्लेडने उभी चीर देऊन सोडवली, खाली सालीत बांगडीसारखी खाच पडलेली. आच्छादनाआधी हे सांगितलंत, फार बरं झालं.

ऊसपट्टा: मग पाचटाची ट्रॉली पाठवू का? फक्त भाडं द्या.

माळावरचा: नको, ठरलं माझं. आळ्यात, खोडाभोवतीच्या खळग्यात, भुसकट पसरून त्यावर माळावरचेच चपटे दगड मांडतोय. वाऱ्याने उडणार नाही, जनावर उकरणार नाही, दगडाला पैसा नाही. झोपा आणि काटे ताईंच्या पद्धतीने. पैसे राखून ठेवतो, विहीर आटली की टँकरला लागतील.

दाजी_डाळिंबवाले: दगड तापतात. एप्रिलमध्ये कळेल.

हापूसवाडी: खाली भुसकट आहे म्हटल्यावर झळ मुळापर्यंत जाणार नाही. खोडाला मात्र दगड टेकू देऊ नका.

बालाघाटी: वाळवी भुसकटालाही लागते. पंधरा दिवसांनी दोन-चार दगड उचलून बघत जा. गड्याला सांगा, हात घालण्याआधी काठीने उलथायचा, खाली विंचू असतात.